डायलिसिसवर अँटिऑक्सिडंट: आवळा, कोकम, कॅप्सूल यातलं काय चालतं?

प्रश्न (कुडाळ)
आई, वय ५८, आठवड्यातून तीनदा हिमोडायलिसिस. लघवी जवळजवळ बंद. डायलिसिसआधीचं पोटॅशियम ५.६, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ६२०. 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस'साठी (मुक्त कण वाढून पेशींवर येणारा ताण) कोणी आवळ्याचा रस सांगतं, कोणी नोनी फळाचा. केमिस्टने अँटिऑक्सिडंट कॅप्सूल दिल्यात, घरात लिमसी ५०० (व्हिटॅमिन सीची ५०० मिग्रॅची गोळी) पण आहे. आणि कोकम, शहाळं? जाणकारांनी सांगावं.

उत्तर १ (आहारतज्ज्ञ, रत्नागिरी)
लिमसी ५०० रोज नको. डायलिसिसमध्ये व्हिटॅमिन सी वाहून जातं हे खरं, म्हणून भरपाई लागते, पण दिवसाला ६० ते १०० मिग्रॅ पुरे. जादा सीचं शरीरात ऑक्झलेट होतं. किडनी ते बाहेर टाकत नाही, मशीनही पुरतं काढत नाही, मग ते सांध्यांत, रक्तवाहिन्यांत साचतं. डायलिसिसवाल्यांसाठीची बी-कॉम्प्लेक्स-सी गोळी मिळते, ती डॉक्टरांना विचारून घ्या.

कॅप्सूलच्या पट्टीवर व्हिटॅमिन ए आहे का बघा. असेल तर बंद. किडनी निकामी असली की ए आधीच चढलेलं असतं. व्हिटॅमिन ई ८०० युनिट देऊन २००० साली १९६ रुग्णांवर चाचणी झाली, हृदयाचे त्रास कमी दिसले. पण पुरावा तेवढ्यावर थांबतो, म्हणून २०२०च्या केडोकी (किडनी रुग्णांच्या आहाराच्या अमेरिकी) मार्गदर्शनात ई आणि सेलेनियम सरसकट द्यायला सांगितलेलं नाही.

नोनी आणि आवळ्याचा रस नकोच: त्यात पोटॅशियम जास्त, वर दिवसाच्या पाण्याच्या हिशेबातही तो धरावा लागतो. शहाळ्यात १०० मिलीला २०० ते २५० मिग्रॅ पोटॅशियम, म्हणजे अख्खं शहाळं ५.६ वाल्याला महाग पडेल. आमटीत दोन आमसुलं चालतील, पण आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) मीठ भरपूर असतं, सोलकढीत तेच येतं. मीठ गेलं की तहान, तहान की पाणी साचून वजन. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून देता ना? त्यात सीही जातं. त्याऐवजी अननसाच्या १०० ग्रॅम फोडी द्या: पोटॅशियम साधारण ११०, सी जवळपास ४८ मिग्रॅ. जांभळंही मूठभर चालतील.

स्टारफ्रूट (काही गावांत करमळं म्हणतात) एक फोडसुद्धा नाही. त्यातलं मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य किडनीशिवाय बाहेर पडत नाही. आधी न थांबणारी उचकी, मग भ्रम, झटके. बिलंबीही टाळा, ऑक्झलेट फार.

उत्तर २ (डायलिसिस तंत्रज्ञ, चिपळूण)
खाण्यापेक्षा मशीनकडे जास्त लक्ष द्या, ताण तिथूनही येतो. रक्त डायलायझरच्या (मशीनवरच्या रक्त गाळणाऱ्या नळकांड्याच्या) पडद्याला लागलं की पांढऱ्या पेशी चवताळतात, आणि पाणी अशुद्ध असेल तर अजूनच. अतिशुद्ध पाण्याची मर्यादा: एंडोटॉक्सिन (जंतूंचं विष) मिलीला ०.०३ युनिटच्या खाली.

पावसाळ्यात नळाचं पाणी गढूळलं की क्लोरीनचा डोस वाढतो. क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियाचं संयुग) आरओ मेम्ब्रेनमधून (पाणी शुद्ध करणाऱ्या पडद्यातून) आरपार जातं, ते कार्बन टाकीच अडवते. म्हणून प्रत्येक शिफ्टआधी पहिल्या कार्बन टाकीनंतरच्या नळावर एकूण क्लोरीन तपासायचं, लिटरला ०.१ मिग्रॅच्या खाली हवं. नोंदवही बघायला मागा, कोणी नाही म्हणत नाही. क्लोरामाइन रक्तात पोचलं तर तांबड्या पेशी फुटतात, व्हीनस लाइनमधलं (शरीरात परत जाणाऱ्या नळीतलं) रक्त जांभळट-लाल दिसतं, कंबर आणि छाती दुखते. अशावेळी पंप बंद, लाइन क्लॅम्प, आणि ते रक्त परत द्यायचं नाही.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. शिरेतून आयर्न देतात, त्यानेही ऑक्सिडेशन होतं म्हणे. थांबवायला सांगू का?

उत्तर १
नाही. सुटं लोह मुक्त कण तयार करतं, ते खरं. पण २०१९च्या पायव्होटल चाचणीत फेरिटिन ७०० होईपर्यंत महिन्याला ४०० मिग्रॅ नियमित दिलं, तर हृदयाच्या घटना कमीच झाल्या. ६२० ला फक्त ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते) विचारा, ४० टक्क्यांच्या वर असेल तर नेफ्रॉलॉजिस्टशी बोला. आणि सीची गोळी डायलिसिसच्या दिवशी मशीन सुटल्यावर, आधी नाही, नाहीतर पाण्यातच जाईल.