राजस्थानातल्या खेड्यातील महाल-हॉटेलात वृद्ध आईवडिलांसह राहावे का?

वाटसरू (प्रश्न):
सप्रेम नमस्कार. येत्या जानेवारीत आईवडिलांना घेऊन उदयपूरहून जोधपूरला मोटारीने जाण्याचा बेत आहे. वाटेत पाली किंवा राजसमंद जिल्ह्यातल्या एखाद्या गावी, जुन्या ठाकुरांच्या महालाचे हॉटेल केलेले असते तशा ठिकाणी दोन रात्री मुक्काम करावा, असे मनात आहे. नारलाई, घाणेराव आणि देवगढ (आपले कोकणातले नव्हे) ही नावे वारंवार कानी पडतात. आईच्या गुडघ्यांचे दुखणे जुने आहे, वडिलांना थंडी सोसत नाही आणि दोघेही पूर्ण शाकाहारी आहेत. छायाचित्रांत सगळेच महाल देखणे दिसतात, त्यावरून काही ठरवता येत नाही. आरक्षणापूर्वी नेमके काय विचारून घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे.

चुनेगच्ची:
महाल कोणता, यापेक्षा त्यातली खोली कोणती, याची चौकशी आपण अधिक बारकाईने करावी. या वास्तू बहुतांशी राजांच्या नव्हेत, त्यांच्या सरदारांच्या आहेत. तिकडे त्या जहागिरीला ठिकाणा म्हणतात आणि ठाकुरांच्या राहत्या वास्तूला रावळा किंवा गढ. देवगढचा महाल १६७० मधला असून तिथल्या रावतांचे घराणे मेवाडच्या सोळा प्रमुख उमरावांपैकी एक होते. अशी वास्तू एका आराखड्यावर उभी राहिलेली नसते. दर पिढीने आपल्या ऐपतीप्रमाणे कधी एखादा चौक, कधी झरोका, कधी जनान्याचा मजला वाढवलेला असतो, आणि म्हणून शेजारच्या खोलीत जायलाही चार पायऱ्या चढून तीन उतराव्या लागतात. जिने अरुंद, पायऱ्या उंच, दरवाजे ठेंगणे. लिफ्ट सहसा नसते, आणि ती बसवण्यासाठी भिंती फोडल्या जाऊ नयेत असेच माझे मत आहे.

तरीही गुडघेदुखीच्या माणसाला जिन्यापेक्षा न्हाणीघर जास्त जड जाते. मूळ खोल्यांना जोडून न्हाणीघरे नव्हतीच. ती पुढे एखाद्या कोपऱ्यात बसवली गेली. जुनी दगडी जमीन न फोडता सांडपाण्याच्या नळाला उतार द्यायचा, तर न्हाणीघराची जमीनच वीतभर उचलावी लागते. दिवसा ती पायरी दिसते. रात्री अंधारात झोपेतून उठलेल्या माणसाला ती दिसत नाही, आणि धरायला दांडीही नसते. तेव्हा हॉटेलकडून झरोक्याची नव्हे, न्हाणीघराच्या दाराची आणि उंबरठ्याची छायाचित्रे मागवावीत.

आपल्याला मिळणारी खोली जुन्या मर्दान्यातली (पुरुषांच्या भागातली) आहे, तबेल्याचे रूपांतर करून केलेली आहे की नव्याने बांधलेली, हेही स्पष्ट विचारावे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात हेरिटेज हॉटेल ठरण्यासाठी वास्तू १९५० पूर्वीची असावी लागते, पण सगळेच बांधकाम जुने असण्याची अट नाही. निम्मे क्षेत्रफळ जुने असले तरी चालते. त्यामुळे त्याच आवारात, त्याच नावाखाली, नवी इमारतही असू शकते. आईंसाठी मी तबेल्याकडची खोली सुचवीन. घोड्यांना जिने चढता येत नसल्याने ती तळमजल्यावरच असते आणि तिला बहुधा पुढे अंगणही असते.

थंडीविषयी सांगायचे तर हातभर जाडीच्या दगडी भिंती जानेवारीत रात्रभर गारवा धरून ठेवतात. सकाळचे ऊन येणारी खोली मागावी आणि खोलीत हीटर आहे का, हे विचारावे. बऱ्याच ठिकाणी रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवतात. ती पुरेशी ठरते.

गट्टेप्रेमी:
शाकाहाराची काळजी नसावी. लाल मांस या मटणाच्या पदार्थाची कीर्ती मोठी असली, तरी मारवाडातले रोजचे जेवण केर-सांगरी (वाळवंटी फळे आणि शेंगांची भाजी), गट्टे (बेसनाचे उकडलेले तुकडे), पापडाची भाजी, कढी आणि बाजरीची भाकरी असेच असते. मात्र लहान महालांत रात्रीचे जेवण बहुधा ठरावीक असते आणि ते उशिरा, गच्चीवर शेकोटी पेटवून देतात. आईवडिलांना सातला आत बसून जेवायचे असेल तर तसे आधी कळवावे. तिखट बेताने ठेवण्यासही सांगावे, कारण मथानियाची मिरची कोल्हापूरकरालाही विचार करायला लावते. नारलाईला जुन्या बावडीवर (पायऱ्यांच्या विहिरीवर) शेकडो दिव्यांच्या उजेडात जेवणाची व्यवस्था करतात. दृश्य खरोखर अविस्मरणीय असते. पण बावडी म्हटली की पायऱ्या आल्या, तेव्हा आसन कुठे मांडतात हे विचारूनच होकार द्यावा.

दुसरे असे की तारखा विचारपूर्वक निवडाव्यात. लग्नसराईत हे महाल समारंभासाठी दिले जातात आणि मग मध्यरात्रीपर्यंत वाद्यांचा गजर ऐकावा लागतो. आमच्या एका मुक्कामात असेच झाले आणि त्या हॉटेलाने आम्हांला आधी एका शब्दानेही कळवले नव्हते. डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत मलमासामुळे (म्हणजे आपला धनुर्मास, अधिक महिना नव्हे) तिकडे लग्ने लागत नाहीत. त्यातला नाताळ आणि नववर्षाचा गर्दीचा काळ वगळला, तर जानेवारीचा पहिला पंधरवडा सर्वांत शांत असतो. संक्रांतीनंतर जाणार असाल तर त्या रात्री महालात समारंभ नाही, याची लेखी खात्री करून घ्यावी.

गोडवाड-वारी:
वरील दोघांनी वास्तूविषयी पुष्कळ सांगितले आहे, पण आपण मोजलेल्या भाड्याचे अर्धे मोल महालाच्या दरवाजाबाहेर असते. जहागिऱ्या स्वातंत्र्यानंतर गेल्या आणि संस्थानिकांचे तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने बंद झाले. वाढत्या देखभालीचा खर्च पेलेना, म्हणून या घराण्यांनी दारे पाहुण्यांना उघडली. गाव मात्र आपल्या जागीच राहिले. नारलाईत सकाळी उठून मंदिरांच्या रांगेतून चालत जावे, गावाच्या डोक्यावरचा ग्रॅनाइटचा प्रचंड डोंगर खालूनच पाहावा (शिखरावरच्या पांढऱ्या हत्तीच्या पुतळ्यापर्यंतची चढण आईंनी टाळावी), लाल पागोट्यातले रबारी मेंढ्या घेऊन निघालेले पाहावेत. त्यांचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये. फेरीसाठी वाटाड्या गावातलाच आहे का, हे हॉटेलला आवर्जून विचारावे. बक्षिसी द्यायची ती कार्यालयातल्या सामाईक पेटीत टाकावी, म्हणजे धोबी आणि माळी यांनाही वाटा मिळतो. जे फक्त वाढपी पाहतात त्यांना हे सुचत नाही.

रणकपूरचे जैन मंदिर याच वाटेवर आहे. तिथे पर्यटकांना दुपारी बारानंतर प्रवेश मिळतो, त्यामुळे उदयपूरहून न्याहारी करून सावकाश निघाले तरी चालते.

वाटसरू:
सर्वांचे मनापासून आभार. तबेल्याकडच्या खोलीची सूचना आईला फार आवडली. एक शेवटची शंका: दोन ठिकाणांहून दर आले आहेत, एक सात हजार चारशे आणि दुसरा सात हजार आठशे. फरक एवढाच आहे का?

चुनेगच्ची:
नाही. सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. पहिली खोली ७७७० रुपयांना पडेल आणि दुसरी ९२०४ रुपयांना. दरात न्याहारी आणि रात्रीचे जेवण धरलेले आहे का, हे दोघांनाही विचारा. गावात दुसरे उपाहारगृह क्वचितच असते, त्यामुळे जेवण वेगळे असेल तर स्वस्त वाटणारी खोली महागात पडू शकते.