करवल्यांना नव्या सेम साड्या कशाला? कपाटातल्या चालणार नाहीत का?

सटवाई_०७: डिसेंबरमध्ये धाकट्या बहिणीचं लग्न आहे, ठाण्यात. करवल्या पाच. चुलतबहिणींनी ठरवलंय की पाचही जणींना सेम पीच कलरच्या ऑर्गन्झा साड्या ऑनलाइन मागवायच्या, एकीची ३,२०० म्हणजे सोळा हजार झाले, आणि ब्लाऊजची शिलाई वेगळीच. बरं ही ऑर्गन्झा रेशमाची नाही हां, पॉलिएस्टर आहे चक्क, एकदा नेसून कपाटात जाणार आणि पुढची शंभर वर्षं कुजणारही नाही. माझं म्हणणं असं की आई, दोन मावश्या, आत्या सगळ्यांकडे नारायणपेठी, इरकली पडल्यात, जांभळा ते राणी एवढ्या रंगांतल्या निवडू आणि पाचजणी नेसू. आई म्हणते मुलीच्या लग्नात जुनेरं नेसवलंत असं व्याही म्हणतील. मी चुकतेय का?

खमंग_काकडी: चुकतेयस. करवलीला साडी देणं हा मान असतो गं, ती बिचारी मुलगी कऱ्हा घेऊन नवरीच्या मागे तासभर उभी राहते, तिला नवी घडी मोडायला मिळू दे की. पर्यावरण वाचवायचंय तर हॉलमधली प्लॅस्टिकची फुलं आणि पाचशे पाण्याच्या बाटल्या आधी बंद करा. पाच साड्यांवर कसली क्रांती!

सटवाई_०७: बाटल्या बंदच केल्यात, माठ ठेवणार आहोत. आणि मान नव्या साडीतच असतो हे कुणी ठरवलं? आत्या तिची इरकल मला देते तेव्हा तो मान नाही?

विणकर_गल्ली: मी उलट्या बाजूने बोलतो. माझं आजोळ येवल्याचं. पैठणीला २०१० मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण मागावर बसणाऱ्या माणसाला सर्टिफिकेट खायला पुरत नाही. एका हातमागाच्या पैठणीला कित्येक आठवडे जातात, नक्षी भरगच्च असली तर महिने. सगळ्यांनीच जुनं नेसायचं ठरवलं तर तो माग बंद पडणार, त्याची पोरं कंपनीत लागणार. पॉलिएस्टरला माझाही विरोध, पण पाच घेण्यापेक्षा नवरीला एक अस्सल घ्या, करवल्यांना कपाटातलं. मला हे पटतं.

खमंग_काकडी: म्हणजे तुम्हीही तिच्याच बाजूचे झालात की!

विणकर_गल्ली: नवरीच्या साडीपुरता नाही.

ट्रंकवाली_ताई: जुनं जुनं करून नाचण्याआधी माझं ऐका, मी भोगलंय. भावाच्या लग्नात आईची गर्भरेशमी काढली, वीस वर्षं एकाच घडीत ट्रंकेत होती, वरून दिसायला नवीकोरी. निऱ्या खोचल्या, मांडवात खाली वाकले आणि चर्र... घडीच्या रेषेवरच सरळ फाटली, कमरेपासून हातभर. शाल गुंडाळून फोटो काढलेत. तेव्हा उजेडासमोर धरून बघायची, घडीपाशी दोन बोटांनी हलकं ताणायचं, धागे सरकले तर नेसायचं नावच काढायचं नाही. बाकी ठिकाणी ठीक असेल तर पदर कापून ओढणी करा. आणि पाचातल्या दोन तरी बाद होणार हे धरूनच चाल.

आजीचा_बटवा: ताई खरं बोलतायत. माझ्या आजीचा शालू तर दारावर जरीवाला यायचा त्याला दिला होता, तो तसल्या साड्या जाळून चांदी काढायचा. आता आठवलं की हळहळ होते.

शिवणटिपण: साडीचं सोडा, खरी अडचण ब्लाऊजची. मावशी ३४, तुम्ही ४०. जुन्या शिंप्यांनी आत मार्जिन ठेवलेली असते तेवढीच सुटते, त्यात काख बसत नाही. पाचजणींना एकाच खणाचे ब्लाऊज शिवा, मोरपंखी घ्या नाहीतर काळा, साड्या पाच रंगांच्या असल्या तरी फोटोत सेट वाटतो. मी हेच करून देते गिऱ्हाइकांना.

कोथरूड_एक्स्प्रेस: भाड्याने घ्या ना, आता मिळतात, सगळे वाद संपले.

लेस्टरची_लेक: भाड्याचं तितकं सोपं नाही. २०२१ ला फिनलंडच्या संशोधकांनी जीन्सवर हिशेब केला होता, भाड्याच्या कपड्याची ने-आण धरली तर कधीकधी विकत घेण्यापेक्षा जास्त कार्बन निघतो. भरजरी साडीला प्रत्येक वेळी ड्रायक्लीन, ते निराळं. इकडे मी मैत्रिणीच्या लग्नात ब्राइड्समेड होते, ऑक्सफॅम या धर्मादाय संस्थेच्या काही दुकानांत लग्नाच्या दान आलेल्या कपड्यांचाच विभाग असतो, तिथून चौघींनी चार वेगळ्या हिरव्या छटा घेतल्या. एकीचा ड्रेस लांब होता, घरी बसून हेम घातली. कुणी विचारलंसुद्धा नाही जुना की नवा, केकच्या रांगेत सगळ्यांचं लक्ष केककडे.

खमंग_काकडी: तिकडची गोष्ट निराळी. आपल्याकडे पहिला प्रश्न "कुठून घेतली", दुसरा "केवढ्याला".

सटवाई_०७: तेच तर! "मावशीची" हे उत्तर ऐकल्यावर दुसरा प्रश्नच खुंटतो 😄 बरं अपडेट. काल रात्री सहा साड्या ट्यूबलाइटसमोर धरल्या, दोन घडीवर सुटल्यात, ट्रंकवाली ताई तुझे उपकार. चार राहिल्या. पाचवीला चुलतबहीण ऑर्गन्झाच नेसणार म्हणते, नेसू दे, पीच पण त्या रंगांत खपून जाईल. आईचा चेहरा अजून सरळ झालेला नाही. आत्याने मात्र फोन करून कळवलंय, इरकल देते, पण कऱ्हा धरणारीलाच, आणि पंगतीला बसायच्या आधी बदलायची.