वेकबोट काठापासून 500 फूट लांब ठेवा, हा नियम मिनेसोटातही हवा

तळेकाठ:
अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने एप्रिल 2024 पासून नियम केलाय, वेकसर्फिंग (बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर फळीवर उभं राहून सर्फिंग) करायचं तर काठापासून निदान 500 फूट लांब, पाणी निदान 20 फूट खोल आणि अशी सलग जागा 50 एकर तरी हवी. आपल्या मिनेसोटात पावलोपावली लेक (तळी), पण राज्यभर लागू होईल असा अंतराचा नियम अजून नाही. यासाठीच्या वेकबोटी टँकमध्ये दोन-तीन हजार पौंड पाणी मुद्दाम भरून मागून खाली बसवतात, का तर लाट मोठी उठावी. शनिवारी दुपारी ती लाट काठावर आली की डॉकला बांधलेली कनू फळ्यांवर आपटते, गुडघाभर पाण्यात खेळणारी नातवंडं पटकन उचलून घ्यावी लागतात आणि नंतर बघावं तर काठाची माती गेलेली, गवताची मुळं उघडी पडलेली. हे चालू द्यायचं का?

बोटवाला:
काका, काठाजवळ सर्फिंग करणारे चुकतातच, त्यांना दंड करा. पण लेक हजार फूट रुंद असेल तर दोन्ही बाजूंनी 500 सोडून उरलं काय? व्हरमाँटमध्ये असंच झालं, तीसएक लेक सोडले तर बाकी सगळीकडे बंद. मेन राज्याने त्याच वर्षी 300 फूट अंतर आणि 15 फूट खोली ठरवली, मग आपल्यालाच 500 कशाला? सर्फिंग ताशी दहा-अकरा मैलांवर चालतं, प्रोपेलर बोटीच्या पोटाखाली असतो, माझ्या मुली आठवडाभर वाट बघतात याची. आम्ही पण टॅक्स भरतो, लेक सगळ्यांचेच आहेत.

वैदेही:
500 हा आकडा कोणी मनाने काढलेला नाही. मिनेसोटा युनिव्हर्सिटीच्याच सेंट अँथनी फॉल्स लॅबने 2022 मध्ये लाटा मोजून सांगितलं की साधी बोट 200 फुटांवरून गेल्यावर जेवढी लाट काठाला लागते तेवढ्यावर यायला वेकबोटीला 500 फुटांच्या पुढे राहावं लागतं. आणि खोलीचं तर त्याहून महत्त्वाचं, बोटीचं नाक वर असतं त्यामुळे प्रोपेलरचा झोत खाली तळाकडे जातो, उथळ पाण्यात गाळ ढवळला जातो, त्यातलं फॉस्फरस वर येतं आणि शेवाळ वाढतं. म्हणून 20 फूट.

बोटवाला:
खोलीचं पटतं मला. पण अंतर प्रत्येक लेक बघून ठरवा ना. 2025 पासून इथे बोट चालवायला परमिट टप्प्याटप्प्याने सक्तीचं होतंय, त्यात हे नीट शिकवा. शेरीफचे लोक पाण्यावर टेप घेऊन थोडेच फिरणार आहेत.

नाना_विस्कॉन्सिन:
टँकचं कोणीच बोललं नाही. टँक कितीही रिकामा केला तरी थोडं पाणी राहतंच आणि झेब्रा मसलची (बाहेरून आलेले, झपाट्याने पसरणारे छोटे शिंपले) पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, आज या लेकमध्ये, उद्या त्या. व्हरमाँटमध्ये वर्षाला एकच होम लेक निवडायचा, दुसरीकडे जायचं तर आधी बोट साफ करून घ्यायची. हा नियम तर सगळीकडेच पाहिजे, एकदा मसल शिरले की मग काही उपाय चालत नाही.

तळेकाठ:
हजार फुटी लेकमध्ये जागाच उरत नसेल तर तिथे सर्फिंग नकोच. वॉटरस्की करा, ट्यूबिंग करा, कोणी अडवलंय?

बोटवाला:
लाखभर डॉलरची वेकबोट ट्यूबिंगला कोण घेतं काका? निदान ज्यांनी आधीच घेतल्यात त्यांना दोन-चार वर्षांची मुदत द्या, मग बोलू.