आजोबांचा पोर्तुगीज जन्मदाखला सापडला, पोर्तुगीज पासपोर्टची फाईल घालू का? आणि मातृभाषेच्या रकान्यात काय लिहू?

तेरेखोलकाठ

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मी 23 वर्षांचा, गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला. दोन वर्षं पुण्यात नोकरी केली, आता परत येऊन पर्वरीला एका आयटी कंपनीत लागलोय.

गणेश चवथीच्या आधी घर झाडताना आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या कागदांची पुरचुंडी मिळाली, त्यात त्यांचा 1939 चा जन्मदाखला, सगळा पोर्तुगीजमध्ये. शाई तपकिरी झालीय, घडीवर कागद फाटलाय आणि आमच्या 'नाईक' आडनावाच्या शेवटी 'क्यू-यू-ई' लावलंय. आजोबांचं आणि पणजोबांचं नाव सोडलं तर मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. चुलतभावाला फोटो पाठवला तर पाच मिनिटांत त्याचा फोन, अरे हे सोनं आहे, जपून ठेव, आपण फाईल घालूया. 19 डिसेंबर 1961 च्या आधी जे गोव्यात जन्मले त्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतं आणि त्यांच्या मुलांना, नातवंडांनाही लिस्बनला नोंदणी करून पासपोर्ट मिळतो हे मला माहीत होतं, पण हे सगळं बार्देश-साष्टीतल्या लोकांचं, आपला त्याच्याशी काय संबंध असंच मी धरून चाललो होतो.

तेव्हापासून झोप नाही. पैशाचा मोह आहे हे कबूल करतो, इथे मला महिन्याला जे मिळतं त्यात पर्वरीला साधी एक खोली भाड्याने घेणं जड जातं. पण आमच्या शाळेतून आम्हाला पत्रादेवीला न्यायचे, हुतात्मा स्मारकापाशी. 15 ऑगस्ट 1955 ला तिथे सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, आणि त्यात पंजाबातल्या इसरू गावचा कर्नैल सिंग बेनीपाल नावाचा तरुण गेला. कुठे पंजाब, कुठे आमचं पेडणं. गुरुजी हे सांगताना त्यांचा आवाज बसायचा ते अजून आठवतं. आता मी त्याच सरकारचा पासपोर्ट मागायचा?

दुसरी गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे म्हणून इथेच लिहितो. पुण्यात रूमवरची मुलं म्हणायची, तू गोव्याचा ना, मग एवढं चांगलं मराठी कसं काय? चौथीपर्यंत मी सरकारी मराठी शाळेत शिकलो, घरी पेपर मराठी, आरत्या-भजनं मराठी, जत्रेतली नाटकं मराठी, आणि घरात बोलतो ती पेडण्याची कोंकणी. इथे ऑफिसात मराठी पुस्तक वाचताना दिसलो तर एकाने विचारलं, तुम्हा लोकांना अजून महाराष्ट्रात जायचंय काय? मी 2022 च्या विधानसभेला पहिलं मत दिलं ते गोव्यात, मला कुठेच जायचं नाही. पण गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावरच्या 1967 च्या ओपिनियन पोलला आमच्या आजोबांनी विलीनीकरणाच्या बाजूने, म्हणजे फुलावर मत दिलं होतं आणि ते ही गोष्ट लपवत नाहीत.

आता जनगणना येतेय, मातृभाषा विचारणार. काय सांगू? आणि फाईल घालू का? अनुभव असलेल्यांनी मनापासून सांगा.

स्विंडनकर

आधी कामाचं बोलतो. तुझ्या आजोबांची नोंद, मग वडिलांची, मग तुझी अशी साखळी आहे, मधली कडी सोडून चालत नाही. दाखला, लग्नाची नोंद, सगळ्यात नावाचं स्पेलिंग जुळावं लागतं आणि पेडण्याकडच्या लोकांचं इथेच अडतं, एका कागदावर गावाचं नाव, दुसऱ्यावर आडनाव, तिसऱ्यावर नुसतं बापाचं नाव. एजंटला पैसे मोजण्याआधी हे सगळे कागद एका टेबलावर मांडून बघ.

आणि हे डोक्यात पक्कं ठेव की भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तिकडचा पासपोर्ट घेतलास की इकडचा परत करायचा, मतदान गेलं. नंतर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) काढता येतं, येऊन राहता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली राहते.

मी 2014 ला आलो, तेव्हा पोर्तुगीज पासपोर्टवर सरळ इंग्लंडात उतरून काम करता यायचं. 31 डिसेंबर 2020 नंतर ब्रेक्झिटमुळे ते दार बंद झालं, आता नव्याने येणाऱ्याला या पासपोर्टवर पोर्तुगाल, आयर्लंड, फ्रान्स असे युरोपियन युनियनमधले देश मिळतात, इंग्लंड नाही. गोव्यात अजून बरेच जण या गैरसमजात फाईल घालतात म्हणून मुद्दाम सांगतो.

मी गोदामात रात्रपाळी करतो. मुलीचं शिक्षण चांगलं चाललंय, आईच्या ऑपरेशनला मी इथून पैसे पाठवू शकलो. घेतलं ते चुकलं असं मी म्हणणार नाही. पण 2022 ला माझे भाऊ बोटाला शाई लावून फोटो टाकत होते तेव्हा मी शिफ्टच्या मधल्या सुट्टीत तो फोटो किती वेळा उघडून बघितला ते माझं मलाच माहीत.

साखळीचा_मास्तर

बाळा, मी 66 वर्षांचा आहे, डिचोली तालुक्यात शिक्षक होतो. ओपिनियन पोलच्या वेळी मी सात-आठ वर्षांचा, भिंतीवर एकीकडे फूल, एकीकडे दोन पानं रंगवलेली, आणि आमच्या घरात दोन सख्खे भाऊ, माझे वडील नि काका, महिनाभर एका पंक्तीला जेवले नाहीत. 16 जानेवारी 1967 ला मतदान झालं. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 आणि वेगळं राहण्याच्या बाजूने 1,72,191. म्हणजे 34,021 चा फरक. तुझे आजोबा त्या एक लाख अडतीस हजारांतले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्या पिढीला पोर्तुगीज राजवटीत आपली भाषा शाळेत मिळाली नव्हती, मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या, त्यांना महाराष्ट्र म्हणजे ते सगळं वाटलं.

पण दुसरी बाजूही ऐक. विलीनीकरणाच्या विरोधात हिरीरीने लढलेलं 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठीत निघायचं. गोवा वेगळा राहावा हे लोकांना मराठीतून पटवून दिलं. तेव्हा मराठी वाचतो म्हणजे महाराष्ट्रात जायचंय, हे 1967 लाच खरं नव्हतं, तुझ्या ऑफिसातल्या त्या मुलाला एवढं सांग. 1987 च्या राजभाषा कायद्यातही देवनागरी कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या वापराची तरतूद त्याच कायद्यात आहे. त्या आधीची दोन वर्षं भाषेच्या आंदोलनात आम्ही रस्त्यावर जे बघितलं ते परत कोणी बघू नये.

जनगणनेचं म्हणशील तर 2011 ला मी स्वतः प्रगणक म्हणून घरोघरी फिरलो. मातृभाषेच्या पुढे आणखी दोन भाषा लिहायची सोय होती. लोक ती सांगायचेच नाहीत, घाईत एक सांगून मोकळे व्हायचे. तू तिन्ही सांग आणि प्रगणक लिहितो की नाही ते उभा राहून बघ.

मोगरा_असनोडा

मी कॅथलिक आहे, बार्देशातली. माझी मम्मी आणि मी दोघीही चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलो कारण गावात तीच होती. चर्चमध्ये रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी, शाळेत बालभारती, त्यामुळे मराठी लिहिताना माझ्या चुका होतील, माफ करा.

तेरेखोलकाठ, तुझ्या पोस्टमधलं एक वाक्य मला लागलं. "हे सगळं बार्देश-साष्टीतल्या लोकांचं." म्हणजे आम्हा कॅथलिकांचं. तू वाईट अर्थाने लिहिलं नाहीस हे समजतंय. पण पुण्यात तुला मराठी कसं येतं म्हणून विचारलं ना, तसं मला आयुष्यभर विचारतात, वर भांडण झालं की पोर्तुगालला जा म्हणतात. माझ्या घरात कोणाकडे तो पासपोर्ट नाही. माझे आजोबा भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, नारळ पाडायचे, त्यांना पोर्तुगीजमधलं 'बोंदिया' (सुप्रभात) सोडून काही येत नव्हतं. शिरगावच्या लईराई देवीकडून म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला (मदर मेरीला) तेल येतं आणि आमच्याकडून लईराईला मोगऱ्याची फुलं जातात, दोघी बहिणी म्हणून, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि फेस्ताच्या दिवशी म्हापशाला रांगेत माझ्या पुढे कुंकू लावलेल्या बायका असतात. त्या रांगेत कोणी मला कुठची म्हणून विचारत नाही.

पासपोर्ट घे किंवा नको घेऊ. पण घेतलास तर तुला कोणी देशद्रोही म्हणणार नाही, नोकरीसाठी गेला म्हणतील. आमच्यातला मुलगा गेला की लोक वेगळं बोलतात. हा फरक तुझ्या लक्षात असू दे एवढंच.

तिळारीकर

मी दोडामार्गचा, म्हणजे महाराष्ट्राचा, रोज बाईकने डिचोलीच्या कारखान्यात येतो. आमची भाषा आणि तुमची पेडण्याची भाषा यात मला तरी फरक कळत नाही, देवस्थानं एक, सोयरीक एक, आजारी पडलो तर आम्ही बांबोळीच्या हॉस्पिटलातच येतो. पण कॅन्टीनमध्ये काही झालं की मी 'घाटी'. घाटाच्या खाली जन्मलो तरी घाटी. अकरा वर्षं झाली.

गोव्याच्या पोरांची काळजी मला समजते, जमिनी दिल्लीवाल्यांनी घेतल्या, मोपाला विमानतळ झाला तसे पेडण्यात भाव कुठल्या कुठे गेले, भीती वाटणारच. पण ती भीती आमच्यासारख्या पाव भाजी खाऊन बारा तास उभं राहणाऱ्यांवर निघते, जमीन घेणाऱ्याला सगळे सर म्हणतात. तू शिकलेला आहेस म्हणून तुला सांगावंसं वाटलं.

तेरेखोलकाठ

सगळ्यांचे आभार. मोगरा, तुझं बरोबर आहे, ते वाक्य मी विचार न करता लिहिलं, माफी मागतो. खोडत नाही, राहू दे तसंच, तुझं उत्तर त्याच्याखाली वाचलं जावं.

काल रात्री धीर करून दाखला आजोबांपुढे ठेवला. 86 वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. त्यांनी चष्मा पुसला, कागद दिव्याखाली धरला आणि घडाघडा वाचायला लागले. आजोबांना पोर्तुगीज वाचता येतं हे मला 23 वर्षांत माहीत नव्हतं. एकेक ओळ वाचून मला मराठीत सांगत होते, अमुक वाड्यावर, पहाटे चार वाजता. पणजोबांच्या नावापुढे 'लाव्रादोर' होतं. तिथे थांबले. म्हणाले, शेतकरी लिहिलंय, पण शेत आपलं कुठे होतं, भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं होतं, आपण कूळ. आपल्या नावावर झालं ते भाऊसाहेबांच्या नि मग शशिकलाताई काकोडकरांच्या काळात, कूळ कायद्याने.

मी फाईलचं सांगितलं. लांबून आजीच बोलली. तिचं माहेर नदीपलीकडे महाराष्ट्रातल्या आरोंद्याचं, आमच्या बांधावरून दिसतं. 1959 ला लग्न होऊन आली तेव्हा भारताने गोव्याची नाकेबंदी केली होती, नदीपलीकडे आईच्या घराचा धूर दिसायचा आणि जायला परवाना लागायचा. तिचे वडील गेले तेव्हा तो वेळेवर मिळाला नाही. हे तिने आजवर आम्हाला सांगितलं नव्हतं.

आजोबा म्हणाले, चुलतभावाला सही हवी असेल तर मी देतो, त्याच्या पोराबाळांचं बघूदे, पण तुझ्या बापाला विचारल्याशिवाय तुझी फाईल नको. बाबांना विचारलं, ते नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत, शेतावर गेले. मी सध्या थांबतोय. आता किरणपाणीला पूल आहे, रविवारी आजीला घेऊन आरोंद्याला जातोय, मामेआजोबा अजून आहेत तिथे. तिळारीकर, वाटेत कधी पेडण्याला आलास तर घरी ये.

आणि मास्तर, प्रगणक आला की तिन्ही सांगणार. पहिली कोंकणी सांगेन. हे लिहिताना जड गेलं, कारण हे सगळं मी मराठीत लिहितोय, पण काल आजी जे बोलली ते कोंकणीत बोलली.