जर्मन युद्धकैदी कार्डावरचं 'गेफ.' म्हणजे मारला गेला का?

कोरीगड:
नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धातल्या दोन जर्मन कागदांचे स्कॅन लावायचे आहेत. पहिला म्हणजे युद्धकैद्याचं कार्ड. डोक्यावर छापील 'पेर्सोनालकार्टे' आणि रोमन एक, छावणीचा शिक्का 'फ्रोंटश्टालाग ३१५'. कैदी ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनचा शिपाई, २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं तेव्हा पकडला गेलेला. दुसरा कागद त्याच लढाईतला, १५व्या पान्झर (रणगाडा) डिव्हिजनच्या युद्धदैनंदिनीचं टाइप केलेलं पान.

कार्डामागच्या हस्तलिखित नोंदींत शेवटची नोंद जी-ई-एफ, पुढे काहीतरी आणि टिंब अशी आहे. तारीख ७७.५.४४ अशी दिसते. संक्षेपांच्या यादीत 'गेफ.' म्हणजे 'गेफालन', लढाईत ठार. नातेवाइकांना तसंच कळवायचं का? शिवाय कार्डावरचा वरचा क्रमांक पलटणीच्या क्रमांकाशी जुळत नाही. दैनंदिनीचं मशीन भाषांतर तर आगगाड्या आणि बातम्यांनी भरलंय.

शाईदौत:
थांबा, घरच्यांना अजून काही कळवू नका.

'गेफालन' हा शब्द जर्मन कारकून आपल्या बाजूच्या रणात पडलेल्या सैनिकासाठी वापरायचा. कैद्याचा मृत्यू झाला तर नोंद 'गेश्टोर्बन' किंवा 'फेरश्टोर्बन' अशी होते, म्हणजे संक्षेपात 'गेस्ट.' किंवा 'फेरस्ट.'. तुमच्या नोंदीत एफ आणि टिंब यांच्यामध्ये जे 'काहीतरी' आहे तिथेच सगळी मेख आहे. तो एल असेल तर शब्द 'गेफ्लोहन' किंवा 'गेफ्ल्युख्टेट' होतो. दोन्हींचा अर्थ पळून गेला.

तारीख ७७ असणं शक्यच नाही. जर्मन हातात १ च्या डोक्याला खालून येणारी लांब तिरपी रेघ असते, त्यामुळे तो ७ सारखा दिसतो. खरा ७ ओळखायचा तो पोटातल्या आडव्या रेघेवरून. तुमच्या आकड्यांना ती रेघ नसेल तर तारीख ११.५.४४. फ्रोंटश्टालाग ३१५ ही छावणी पूर्व फ्रान्समधल्या एपिनालला होती आणि तिथे प्रामुख्याने हिंदी युद्धकैदी होते. ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांच्या बाँबहल्ल्यात छावणीच्या भिंती कोसळल्या आणि कैदी मोठ्या संख्येने बाहेर पडले. त्यांतले सुमारे ५०० जण स्वित्झर्लंडला पोहोचले. त्याच हल्ल्यात काही कैदी दगावलेही, म्हणून नुसत्या तारखेवर विसंबू नका. अक्षर नीट पाहा.

त्यासाठी कार्ड पुन्हा स्कॅन करा किंवा करवून घ्या: ६०० डीपीआय, रंगीत. काळ्यापांढऱ्या स्कॅनमध्ये फिकट जांभळी कॉपी-पेन्सिल कागदात विरघळते, लाल पेन्सिल आणि शिक्क्याखालची अक्षरं एकमेकांत मिसळतात.

लिपीचंही बघा. छावण्यांच्या कचेऱ्यांत वयस्क माणसं बरीच असत आणि त्यांचा हात कुरेंट किंवा झ्युटरलिन या जुन्या जर्मन हस्ताक्षराच्या वळणाचा. नाव लॅटिन अक्षरांत आणि शेरा कुरेंटमध्ये असं एकाच कार्डावर दिसतं. कुरेंटमधला ई हा अरुंद एन सारखा असतो, यू च्या डोक्यावर छोटी कमान असते, आणि लांब एस आणि एफ दोन्ही ओळीच्या खाली उतरतात, पण एफ ला मध्ये आडवी गाठ असते. एम किंवा एन वर आडवी रेघ म्हणजे ते अक्षर जोड आहे. त्याच कारकुनाने लिहिलेले 'लागर' (छावणी), 'लात्सारेट' (रुग्णालय), महिन्यांची नावं असे ओळखीचे शब्द शोधा, त्यांतली अक्षरं कापून एका कागदावर मांडा आणि मग संशयित शब्दाशी ताडून बघा. छापील नमुना-वर्णमालेपेक्षा हा तक्ता कितीतरी भरवशाचा, कारण वळण त्याच हाताचं असतं.

क्रमांकाचं कोडं सोपं आहे. वरचा क्रमांक 'एर्केनुंग्समार्के'चा, म्हणजे कैद्याच्या बिल्ल्याचा. तो पहिल्या जर्मन छावणीत मिळायचा आणि छावणी बदलली तरी कायम राहायचा. त्यामुळे बिल्ल्यावर एका छावणीचं नाव आणि शिक्का दुसऱ्या छावणीचा, असं दिसलं तर गोंधळू नका. पलटणीचा क्रमांक खाली 'मात्रीकेल' या रकान्यात असतो. ओळख पटवायला तोच धरा, नाव नको. जर्मन कारकुनाने मराठी आडनावं कानाला लागली तशी लिहिलेली असतात.

तोफखाना:
दैनंदिनीबद्दल लिहितो.

आधी आकडे. रोमन आकडा आणि तिरकी रेघ म्हणजे बटालियन, साधा आकडा आणि तिरकी रेघ म्हणजे कंपनी. तुमच्या पानावर 'रोमन दोन / एस. आर. ११५' असेल तर ती ११५व्या शुट्सन (रायफल) रेजिमेंटची दुसरी बटालियन. '२ / एस. आर. ११५' असेल तर दुसरी कंपनी, आणि ती पहिल्या बटालियनमधली. आकडा रोमन की साधा एवढ्याशा फरकाने शंभर-दीडशे माणसांची तुकडी चारपट मोठी होते, म्हणून नकलून घेताना रोमन आकडे बदलायचे नाहीत. जुलै १९४२ पासून याच रेजिमेंटला पान्झरग्रेनाडियर म्हणायला लागले, तेव्हा पुढच्या पानांवर 'एस. आर.' सापडणार नाही.

'आप्ट.' हा सगळ्यात फसवा संक्षेप. पानाच्या डोक्यावर 'आप्ट. रोमन एक-ए' असेल तर ती मुख्यालयातली शाखा: एक-ए कारवाया, एक-बी पुरवठा, एक-सी शत्रूची माहिती, दोन-ए अधिकाऱ्यांच्या नेमणुका, चार-बी डॉक्टर. मजकुरात 'रोमन एक आप्ट. / ए. आर. ३३' असेल तर ती ३३व्या तोफखाना रेजिमेंटची पहिली आप्टायलुंग, म्हणजे बटालियनएवढी तुकडी. रणगाडे आणि टेहळणी दलातही बटालियनला आप्टायलुंगच म्हणत.

तुमच्या आगगाड्या म्हणजे 'त्सूग', पायदळात प्लॅटून. बातम्या म्हणजे 'नाखरिख्टन', इथे सिग्नल्सचं दल. यंत्राला संक्षेप तसाच दिलात तर ते रोजच्या बोलीतला अर्थ उचलतं. आधी संक्षेप फोडून पूर्ण शब्द लिहा आणि लष्करी अर्थ स्वतः ठरवा, भाषांतर नंतर.

'गेफ.' दैनंदिनीतही येईल, तीन वेगळ्या अर्थांनी. आकड्याबरोबर शत्रूच्या संदर्भात आला तर 'गेफांगेने', पकडलेले कैदी. 'गेफ. एस्ट.' असा जोडून आला तर 'गेफेख्ट्सश्टांड', म्हणजे लढाईतलं मुख्यालय. स्वतःच्या हानीच्या तक्त्यात आला तरच ठार. त्या तक्त्यात ३/१५/९२ अशी त्रिकुटं दिसली तर क्रम अधिकारी, एनसीओ (हवालदार-नाईक वगैरे), शिपाई असा आहे. ती तारीख नव्हे.

कोरीगड:
नवीन रंगीत स्कॅन आला. एफनंतर उंच, गाठ नसलेली उभी रेघ स्पष्ट आहे, 'लागर'मधल्या एल सारखीच. ७ ला आडवी रेघ नाही. त्याच्या वरच्या ओळीत 'रेव्ह.' आणि दोन तारखा आहेत, भाषांतर 'परिसर' येतं. शिवाय कार्डावरची पहिली तारीख १९४३च्या शेवटची आहे. तोब्रुकनंतरचं वर्षभर कुठे गेलं?

शाईदौत:
मग तो एलच, माणूस पळाला. 'रेव्हीर' म्हणजे छावणीतली आजारी-खोली. त्या बाजूला आजारपणाचा छापील तक्ता असतो, त्यात रेव्हीर आणि लात्सारेट यांचे रकाने वेगळे. लात्सारेट म्हणजे पुरतं रुग्णालय, तेव्हा रेव्हीरची नोंद किरकोळ दुखण्याची समजा. त्याच बाजूला 'त्सूग.' असं टिंबासह दिसलं तर ती प्लॅटून नव्हे, 'त्सूगांग', म्हणजे छावणीत दाखल. 'आबग.' म्हणजे तिथून रवाना.

मधलं वर्ष इटलीत. उत्तर आफ्रिकेतले कैदी बहुतांशी इटालियन ताब्यात दिले जात. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रसंधी केल्यावर जर्मनांनी त्यांतले अनेक उचलून नेले आणि तेव्हा जर्मन कार्ड उघडलं गेलं. त्याआधीचे कागद इटालियन असतील, छावणीच्या नावापुढे पी. जी. ही अक्षरं आणि आकडा.

दप्तरखाना:
पुढचा शोध असा लावा. आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची मृत सैनिकांची ऑनलाइन यादी पलटणीच्या क्रमांकाने तपासा. नावाने शोधल्यास एकाच आडनावाचे ढीगभर निघतात. तिथे नोंद नसेल तर सुटकेच्या बाजूने पुरावा वाढतो. मग बर्नच्या स्विस संघीय अभिलेखागाराला लिहा, कारण पळून आलेल्या कैद्यांची नोंद स्विस बाजूला व्हायची. जिनिव्हाला रेड क्रॉसच्या अभिलेखागारातही युद्धकैद्यांची माहिती आहे, पण तिथे अर्ज ठरावीक काळातच आणि मर्यादित संख्येने घेतात. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यू. ओ. ४१६ ही मालिका अशाच जर्मन कार्डांची आहे.

अर्जात बिल्ल्याचा क्रमांक छावणीच्या नावासह, मात्रीकेल क्रमांक, कार्डावरचं स्पेलिंग जसंच्या तसं आणि तुम्हाला माहीत असलेलं बरोबर स्पेलिंग, हे चारही द्या. 'गेफ्ल. ११.५.४४' ही नोंद तुमचा अर्थ न जोडता उतरवा आणि सोबत त्या ओळीचा मोठा केलेला रंगीत स्कॅन लावा.