लाँगस्वर्डच्या सुट्या पात्याला मूठ बांधायची आहे: टँगचं टोक ठोकून पसरवू की आटे पाडू?

रूरकाठ:
नमस्कार मंडळी. मी डॉर्टमुंडमध्ये राहतो आणि इथल्या एका क्लबात लाँगस्वर्ड शिकतो, म्हणजे लिख्टेनाउअर या मध्ययुगीन जर्मन गुरूच्या परंपरेतली दोन हातांनी चालवायची सरळ, दुधारी तलवार. सरावाला बोथट आहेच. आता ओल्या चटयांच्या गुंडाळ्या कापून बघायला धारदार हवी आहे. तयार मिळते, पण ज्या हत्याराबद्दल इतकं वाचतोय, ज्याच्यासाठी आठवडाभर संध्याकाळची वाट बघतोय, त्याची मूठ तरी माझ्या हातची असावी असं मनापासून वाटतं. पातं घडवणं माझ्या आवाक्यातलं नाही, म्हणून ते सुटं मागवलं.

पातं असं आहे: खांद्यापासून (जिथे पातं संपून मुठीत जाणारा भाग सुरू होतो) टोकापर्यंत ९० सेमी, खांद्याशी रुंदी ४५ मिमी, आडवा काप पत्त्यातल्या चौकटसारखा, जाडी खांद्याशी ६.५ मिमी आणि टोकाकडे ३ मिमी. टँग, म्हणजे मुठीत जाणारा भाग, २८ सेमी लांब. खांद्याशी २० मिमी रुंद, शेवटाला १० मिमी रुंद आणि ५ मिमी जाड. पोलाद ५१-सीआरव्ही-४. वजन ८५० ग्रॅम, आणि बोटावर तोललं तर खांद्यापासून २६ सेमीवर तोल येतो. मध्ययुगीन तलवारींच्या ओकशॉट यांच्या वर्गीकरणात हे अठरा-बी, म्हणजे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली घडण.

तळघरात व्हाइस, ड्रिल स्टँड, ग्राइंडर आणि कानशींचा बरा संच आहे. भट्टी नाही, छोटी गॅस टॉर्च आहे. रविवारी इथे ठोकाठोक करता येत नाही, बाकी वेळ माझाच.

विकणाऱ्याने सुचवलं की टँगला आट्यांची सळई वेल्ड करून घ्या आणि खाली पॉमेल, म्हणजे मुठीच्या शेवटचा जड धातूचा गोळा, नटसारखं फिरवून बसवा. क्लबातले जुने लोक म्हणतात टोक ठोकून पसरव. कुणाचं ऐकू? पॉमेलचं वजन किती धरू? आणि लाकडावर कातडं चढवायची नीट रीत कोणती?

झटपट_काम:
एवढा विचार कशाला? लाकडात भोक पाडा, एपॉक्सी ओता, सगळं एकदम बसवा. दुसऱ्या दिवशी दगडासारखं घट्ट.

ब्रनोचा_फिटर:
एपॉक्सीवर ही तलवार सोडू नका. चटई कापताना प्रत्येक घावाचा हिसका मुठीत येतो. गोंद फटी भरायला चांगला, भार पेलायला नाही.

मी भोसरीला एका टूलरूममध्ये उमेदवारी केली, आता ब्रनोला असतो आणि आमच्या क्लबातल्या मुठी बांधणं-दुरुस्त करणं माझ्याकडे असतं. लाँगस्वर्डची मूठ दाबावर टिकते. परज (क्लबात क्रॉसगार्ड म्हणतात ती आडवी दांडी) पात्याच्या खांद्यावर टेकते, लाकूड परजेवर, पॉमेल लाकडावर, आणि पॉमेलच्या बाहेर आलेलं टँगचं टोक रिबिटासारखं ठोकून पसरवलं की सगळं एकमेकांवर दाबून बसतं. यातला एक सांधा जरी ढिला राहिला तरी काही महिन्यांत मूठ खुळखुळते.

वेल्डिंग विसरा. ५१-सीआरव्ही-४ हे स्प्रिंगचं पोलाद आहे, ते वेल्डिंगला रुसतं. टाक्याशेजारचा पट्टा ठिसूळ होतो आणि मूठ नेमकी तिथे तुटते. टँगवरच आटे पाडायचे म्हटले तर टोक ५ मिमी जाड, म्हणजे फार तर एम-५ चा आटा. दीड किलोच्या तलवारीचं पॉमेल एम-५ वर टांगायला मी कुणालाही सांगणार नाही. क्लबातले जुने लोक बरोबर आहेत.

आधी टँग खांद्याला मिळतो तो आतला कोपरा बघा. तो काटकोनात कापलेला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून गोल कानशीने २-३ मिमी त्रिज्येची गोलाई द्या, आणि कानशीचे ओरखडे बारीक पॉलिश कागदाने लांबीच्या दिशेने काढून टाका. मुठीत मोडलेल्या ज्या तलवारी मी उघडल्या, त्यातल्या बहुतेक याच कोपऱ्यात फाटलेल्या होत्या.

मग परज. २० बाय १२ मिमीची साध्या पोलादाची पट्टी घ्या, २० सेमी लांब. मधला ५ सेमी भाग जाड ठेवा, दोन्ही हात ९ मिमीच्या आसपास उतरवा. वजन १७० ग्रॅमच्या जवळ येईल. खाचेसाठी ५.५ मिमीची भोकं एका ओळीत पाडा, मधल्या भिंती तोडा, आणि तिथून पुढे फक्त कानस. टँग निमुळता आहे, त्यामुळे परज खाली सरकत सरकत शेवटच्या काही मिलिमीटरला अडकते. तिथे घाई करून हातोडी मारायची नाही. टँगला निळं (खुणेचा निळा रंग) लावा, परज सरकवा, काढा, जिथे निळं उमटलं तेवढंच घासा. पुन्हा लावा. कंटाळा येईल, पण मूठ इथेच चांगली किंवा वाईट होते, म्हणून निम्मा वेळ मी यालाच देतो. परजेच्या खालच्या अंगाला पात्याच्या कापाच्या आकाराचा २ मिमी खोल खळगा करा, म्हणजे खांदे त्यात बसतील आणि घाव बसला तरी परज डोलणार नाही. खाचेच्या कडा मात्र त्या गोलाईला टेकता कामा नयेत. भार खांद्याच्या सपाटीवरच यायला हवा.

आता पॉमेल. वजन अंदाजाने धरायचं कारण नाही, तुमच्याकडे सगळे आकडे आहेत. खांद्यापासून मोजायचं: पात्याकडची अंतरं अधिक, मुठीकडची उणे. परज १७० ग्रॅम उणे ०.५ सेमीवर, लाकूड-कातडं ११० ग्रॅम उणे ११.५ वर, पॉमेलचा मध्य उणे २५ वर. तोल खांद्यापुढे १० सेमीवर हवा असेल तर प्रत्येक वजन त्या १० सेमीपासूनच्या अंतराने गुणायचं: पात्याकडून ८५० गुणिले १६ (२६ उणे १०) म्हणजे १३,६००. त्यातून परजेचे १,७८५ आणि मुठीचे २,३६५ वजा केले की उरतात ९,४५०. भागिले ३५ (२५ अधिक १०), उत्तर २७० ग्रॅम. हाच हिशोब ८ सेमीसाठी केला तर ३५५ ग्रॅम येतात. दोन सेंटिमीटरसाठी ८५ ग्रॅम जास्त, आणि ते आयुष्यभर उचलायचे. शिवाय मागे वजन टाकून टोक हलकं होत नाही, फक्त तोल मागे येतो आणि तलवार फिरवायला उलट जास्त जोर लागतो. अठरा-बी पात्याला मी १० सेमीच ठेवीन.

५० मिमी व्यासाची, २० मिमी जाडीची पोलादी चकती ३०८ ग्रॅम भरते. टँगच्या भोकात २० ग्रॅम जातील, कडा उतरवल्या की २७० वर आलात. पण कापण्याआधी परज बसवून टँगच्या टोकाला तेवढ्या वजनाचे नट चिकटपट्टीने घट्ट बांधा आणि पात्याच्या धारा नीट झाकून हळूहळू फिरवून बघा. हात काय म्हणतो ते आकड्यापेक्षा खरं.

रूरकाठ:
एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. वेल्डिंगचा विषय संपला. एक शंका राहते: टोक गरम करून ठोकायचं की थंड? आणि लाकूड आधी घालायचं की नंतर दोन फाकांत चिकटवायचं?

ब्रनोचा_फिटर:
दोन्ही चालतं, पण एक दुसऱ्यावर अवलंबून आहे. गरम ठोकायचं तर लाकूड जळेल, म्हणून आधी परज-पॉमेल ठोकून बसवायचं आणि नंतर लाकडाच्या फाका चिकटवायच्या. मग परज फक्त स्वतःच्या बसणीवर उभी राहते, म्हणजे ती पाचरीसारखी ठासून बसलेली हवी. तुमच्याकडे भट्टी नाही, तेव्हा लाकूड आत घेऊन थंडच ठोका.

बीच किंवा ॲशचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकात टँगच्या निम्म्या जाडीची खोबण छिन्नीने काढा, टँगशिवायच एकमेकांना चिकटवा आणि पॉमेलच्या बाजूने सरकवा. लांबी अर्धा मिलिमीटर जास्त ठेवा. पॉमेल बसताना ती दाबली जाते. बाहेरचा आकार अंडाकृती, लांब अंग धारेच्या रेषेत. डोळे मिटून पकडलं तरी धार कुठे आहे ते तळव्याला कळलं पाहिजे.

टँगचं टोक मऊ आहे का ते कानशीने तपासा. कानस घसरली तर कडक आहे; मग लाकूड घालण्याआधी शेवटचे २ सेमी टॉर्चने लाल करून हळू निवू द्या, आणि खांद्याजवळ ओलं फडकं गुंडाळून ठेवा म्हणजे उष्णता पात्यात शिरणार नाही. ठोकताना पातं लाकडी जबड्यांत, परजेच्या लगेच खाली धरा.

लीड्सची_बाइंडर:
दादा, कातड्याचं मी सांगते. मी पुस्तकं बांधते, आणि ऐतिहासिक तलवारींच्या मुठी पाहिल्यापासून त्यांच्या प्रेमात आहे, कारण पुस्तकाच्या पाठीवर उंच पट्टे काढायची जी रीत, जवळपास तीच तिथे आहे.

कातडं शेळीचं घ्या, झाडाच्या सालीत कमावलेलं, ०.८ ते १ मिमी जाड. क्रोममध्ये कमावलेलं मऊ असतं, पण त्यावर ठसा टिकत नाही. आधी उघड्या लाकडावर तागाचा बारीक दोरा एकाला एक लागून गुंडाळा आणि गोंदाने भिजवा. लाकूड चिरायला निघालं तर हा दोरा त्याला धरतो. मुठीच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना जाड दोऱ्याचे वेढे घ्या, त्यांचे कातड्याखाली उंचवटे होतील. मधला उंचवटा दोन हातांची जागा वाटून देतो, तो माझ्या मते टाळू नये.

कातड्याचा तुकडा कापून जोडाच्या दोन्ही कडा तासून कागदाइतक्या पातळ करा. इथे सगळ्यात धारदार सुरी लागते, आणि खाली काच किंवा संगमरवराचा तुकडा. मग कातडं ओलं करा, आतून गव्हाच्या पिठाची खळ किंवा सरस लावा. खळ मला आवडते. कातडं सरकवून नीट बसवायला ती वेळ देते. जोड तळव्याच्या मध्यावर येऊ देऊ नका, धारेच्या रेषेत घ्या, तिथे बोटांची पेरं वळतात.

आता कातड्यावरून पुन्हा दोरा घट्ट गुंडाळायचा, उंचवट्यांच्या दोन्ही बाजूंना जास्त ओढून, आणि रात्रभर, थंडी असेल तर दोन रात्री सुकू द्यायचं. हीटरजवळ नको, जोड आखडून उघडतो. दोरा सोडला की त्याच्या बारीक रेघा कातड्यावर उमटलेल्या दिसतील. युरोपातल्या जुन्या मुठींवर अशा रेघा अजून दिसतात, आणि घामेजलेल्या हाताला त्यांची पकड खरोखर मिळते. रंग कातडं सुकल्यावर द्या, मग मधमाशीचं मेण.

देवगिरी_दप्तर:
वरच्या एपॉक्सीवाल्या सल्ल्याबद्दल थोडं. ती कल्पना अगदीच निराधार नाही, फक्त ती दुसऱ्या घडणीची आहे. आपल्याकडच्या तलवारीचा टँग आखूड असतो आणि लोखंडी मूठ आतून पोकळ. त्यात राळ-लाखेचं मिश्रण गरम करून भरतात आणि टँग खुपसतात. लोखंडी कवच सगळा भार घेतं. लाँगस्वर्डला ते कवच नाही, लाकडातून टँग आरपार जातो. म्हणून ब्रनोच्या दादांचं म्हणणं पटतं.

आणि युरोपी पात्याला वेगळी मूठ बांधणं हे दख्खनला नवं नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांकडून सरळ युरोपी पाती इथे येत, त्यांना इथले कारागीर आपल्या मुठी चढवत, आणि अशा तलवारीला फिरंग म्हणत. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून मिळवलेली पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार त्याच जातीची: पातं युरोपी, एका धारेचं, मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या कामाची, आणि पात्यावर देवनागरीत त्यांचं नाव.

रूरकाठ, तुम्ही डॉर्टमुंडला आहात तर झोलिंगेन जवळच आहे. तिथल्या ग्रेफ्राथ भागातलं क्लिंगन म्युझियम एकदा बघाच. पासाउच्या कारागिरांची लांडग्याची खूण झोलिंगेनचे कारागीरही पात्यांवर कोरत. तुमच्या कामाला उपयोग म्हणाल तर पंधराव्या शतकाची पॉमेलं आणि परजा काचेपलीकडे हातभर अंतरावर दिसतात, आणि फोटोत न कळणारी जाडी तिथे कळते.

रूरकाठ:
म्युझियमला येत्या शनिवारी जातो, कॅलिपर नेता येणार नाही पण वही नेईन. पट्टी मागवली आहे. टँगचा आतला कोपरा पाहिला: अगदी काटकोनात आहे, तेव्हा पहिलं काम तेच. तोल १० सेमीवरच ठेवायचं ठरवलं, नट बांधून फिरवून बघतो. मुठीला कातडं काळं नाही, गडद तांबडं घेणार आहे.

ठोकलेलं टोक घासून पॉमेलशी सपाट करायचं का?

ब्रनोचा_फिटर:
नाही. बसकं, घुमटासारखं डोकं ठेवा, पकड त्या पसरलेल्या धातूचीच आहे. बसवण्याआधी पॉमेलच्या भोकाच्या वरच्या तोंडाला शंकूसारखी उतरती कड द्या म्हणजे धातूला पसरायला जागा मिळेल. टँग ३ ते ४ मिमी बाहेर राहील एवढाच कापा. जास्त ठेवला तर पसरण्याऐवजी वाकतो. गोल तोंडाची लहान हातोडी घ्या, कडेकडेने हलके घाव, मध्यावर मारायचं नाही. मधून मधून परजेवर बोटाच्या पेराने टिचकी मारून ऐका: आवाज बद्द येतोय तोवर काम बाकी आहे, खणखणीत झाला की थांबा. आणि हे शनिवारी दुपारीच उरका, शेजाऱ्यांना आधी सांगून.