'पीपीटी रंगवणारे' म्हणणाऱ्या दादांना उत्तर

तापीकाठची
काल इथं एका दादांनी लिहिलं: 'इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणजे पीपीटीला रंग फासणारा. आमच्या एमआयडीसीत फोरमन आठ दिवसांत पोरगा तयार करतो, त्याला पुण्याचा माणूस कशाला?' त्यावर ८० अंगठे! रात्री झोप येईना, म्हणून लिहितेय. मी पुण्याची नाही, जळगावची. नऊ वर्षं घरी बसून हेच काम करते, म्हणजे कंपन्यांसाठी ट्रेनिंगचे कोर्स आखून लिहिते.

गेल्या उन्हाळ्यात एका पाइप कारखान्यानं ग्राइंडरच्या सेफ्टीवर ४० मिनिटांचा कोर्स मागितला. भंगार पाइपचे तुकडे हॉपरमध्ये, म्हणजे माल टाकायच्या नरसाळ्यात, अडकले की पोरं मेन बंद न करताच हात घालायची. एचआरचं म्हणणं, 'अवेअरनेस नाही.' मी दोन रात्रपाळ्या तिथं स्टुलावर बसून काढल्या. पोरांना सगळं ठाऊक होतं. एकानं तर सेफ्टीचे नियम मला घडाघडा म्हणून दाखवले आणि लगेच हात घातला. मेन स्विच शेडच्या दुसऱ्या टोकाला. जाऊन-येऊन ६४ पावलं, मी मोजली. पाळीत आठ-दहा वेळा माल अडकतो, वर टार्गेट डोक्यावर. मी लिहून दिलं, कोर्स नको, ग्राइंडरला खेटून स्विच बसवा. तो बसवला. माझे पैसे मात्र मिनिटावर ठरलेले, त्यामुळे ४० मिनिटांचं बिल शून्यावर आलं. रंगच फासायचा असता तर हे कशाला केलं असतं?

जुना फोरमन
ते दादा म्हणजे मीच. ताई, स्विच जवळ पाहिजे हे तिथला इलेक्ट्रिशियन केव्हापासून सांगत असेल. त्याचं कोण ऐकतं? तुम्ही लॅपटॉप घेऊन आलात म्हणून साहेबानं ऐकलं.
आता माझं ऐका. पीव्हीसी मशीनच्या गरम बॅरलमध्ये, म्हणजे माल वितळवायच्या नळीत, थांबला की जळतो. आधी वास नाकाला झोंबतो, मग डोळ्यांत पाणी येतं. पोराला मशीनपाशी उभा करायचा, आपण करून दाखवायचं, मग त्याच्या हातून करून घ्यायचं, आणि पुढचे चार दिवस मागं उभं राहायचं. तो वास तुम्ही कुठल्या स्लाइडवर दाखवता?

तापीकाठची
इलेक्ट्रिशियनचं लागलं मला. त्याला मी विचारलंच नव्हतं.
पण काका, तुम्ही जे सांगितलंत ना, त्याच चार पायऱ्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावानं लिहून काढल्या होत्या: माणूस तयार करा, काम दाखवा, करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. अनुभवी कारागीर कमी आणि नवखे ढीगभर, म्हणून लिहाव्या लागल्या. आम्ही तेच लिहिण्याचं काम करतो. तुमच्या माघारी तो वास कोण ओळखणार?

जुना फोरमन
अमेरिकेनं आपल्याकडूनच उचललं असेल. आणि माघारी कसलं, रिटायर होऊन दोन वर्षं झाली. अजून रात्री दोन वाजता फोन येतात मला.

शेवभाजी_डबल_तिखट
काका, केस तुम्हीच हरवली की तुमची 😄

एचआर_पण_माणूस
एचआरला झोडपून झालं असेल तर थोडं आमचंही ऐका. ऑडिटवाला एवढंच विचारतो की कोर्स किती जणांनी पूर्ण केला. ट्रेनिंगचा उपयोग झाला का हे तपासायच्या किर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या १९५९ पासून सगळ्यांना पाठ आहेत: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, धंद्याला फायदा झाला का. आमच्याकडं पहिलीच्या पुढं कोणी जात नाही, आणि तीही म्हणजे चहा-नाश्ता बरा होता का! माझ्या मागच्या कंपनीत एक सुपरवायझर सगळ्यांचे पासवर्ड वहीत लिहून घ्यायचा आणि रविवारी एकटा बसून 'नेक्स्ट नेक्स्ट' दाबायचा. रिपोर्ट शंभर टक्के. मी सही केली. मलाही घर चालवायचंय.

डीएड_पास_नंदुरबार
माझं दुखणं वेगळं. डीएड करून शाळा मिळाली नाही, म्हणून कोर्सचे स्टोरीबोर्ड लिहितो, म्हणजे कुठल्या स्लाइडवर काय दिसेल, काय ऐकू येईल ते. परवा मराठी व्हॉइसओव्हर आला: 'कृपया यंत्र पूर्णतः स्थगित असल्याची खात्री करावी.' आमच्याकडचा ऑपरेटर हेडफोन काढून विचारेल, 'हाई काय शे भाऊ?' खान्देशातल्या कामगाराला अहिराणीत का नाही शिकवत?

केळीबाग_रावेर
खान्देश म्हणजे अहिराणी, हे कोणी ठरवलं? रावेर-यावलकडं लेवा गणबोली आहे. बहिणाबाईंच्या बोलीलासुद्धा लोक सर्रास अहिराणी म्हणतात, तेव्हा डोकं सणकतं.

डीएड_पास_नंदुरबार
विद्यापीठाला नाव बहिणाबाईंचं, आता कोर्सही तुमच्याच बोलीत पाहिजे का?

केळीबाग_रावेर
बहिणाबाईंच्या नावावर घसरायचं काम नाही. शाळा नाही मिळाली त्याचा राग आमच्यावर काढू नका.

डीएड_पास_नंदुरबार
हे मास्तरकीवर कुठून आलं? बोलायचं असेल तर नीट बोला.

सातपुडा_पायथा
तुम्ही दोघं भांडत बसा. धडगाव-अक्कलकुव्याची पोरं घरात पावरी नाहीतर भिली बोलतात, आणि मशीनवर आल्यावर हिंदी. त्यांची आठवण कोणालाच नाही.

तापीकाठची
मी धागा कशावर काढला होता आणि कुठं नेलात! पण भाषेचं खरं आहे, नाही म्हणणार नाही. स्विचनंतर त्याच कारखान्यानं ग्राइंडरजवळ लावायला एक पाटी मागितली. मी लिहिलं: 'मशीन बंद कर. कुलूप लाव. किल्ली खिशात.' साहेबांनी लाल शाईत परत पाठवलं, 'आदरार्थी करा.' मी 'करा, लावा' केलं, मग म्हणे 'कृपया' राहिलं. चौथ्या फेरीला ती पाटी पाच ओळींची झाली होती आणि लांबून वाचताच येत नव्हती.

जुना फोरमन
'किल्ली खिशात' बरंय. पोरं लक्षात ठेवतील. बाकी माझं मत आहे तेच आहे.

शेवभाजी_डबल_तिखट
काकांनी 'बरंय' म्हटलं! तारीख लिहून ठेवा.

केळीबाग_रावेर
मास्तरवालं जास्त झालं, ते मागं घेतो. बोलीचं नाही.

डीएड_पास_नंदुरबार
ठीक. मग त्या पाटीसाठी एक सांगा, हॉपरला तुमच्या बोलीत काय म्हणतात?

केळीबाग_रावेर
हॉपर.

डीएड_पास_नंदुरबार
आमच्यातही हॉपरच.